खळ्यावरील धूळ व श्वासाचें रक्षण

फाल्गुन-चैत्राचे दिवस आले म्हणजे मौजे हट्टा व आसपासच्या गांवांतून हळदीचा हंगाम ऐन भरांत असतो. कोठें कुकरांतून कंद शिजत असतात, कोठें माळावर हळकुंडें वाळत असतात, आणि ज्यांचा माल वाळून खडखडीत झाला त्यांच्या खळ्यावर पॉलिशचा ड्रम फिरत असतो. वसमत तालुक्याच्या हळदीचें नांव आतां दूरवर गेलें आहे. २०२४ सालीं ‘वसमत हळद’ ह्या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें, व हळदीच्या संशोधनासाठीं वसमत येथें स्वतंत्र केंद्रही स्थापन झालें आहे. बेणें, खत, शिजवण व भाव ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु ड्रम फिरतांना जी पिवळी धूळ उडते ती कोणाच्या छातींत जाते, ह्याचा विचार झालेला आमच्या फारसा पाहण्यांत नाहीं. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

आमची सर्व नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. आम्ही वैद्य नव्हे कीं यंत्रज्ञ नव्हे, आणि शिक्षणही मराठी शाळेंतलें, बेताचेंच. परंतु अपघातानें मयत झालेल्या शेतकऱ्याच्या वारसास अनुदान मिळावें म्हणून कागद जुळविण्याचें काम आमच्या वांट्यास वारंवार येई. सात-बाराचा उतारा, वारसांची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, अशी ती चळत असे. फवारणींत विषबाधा होऊन गेलेल्या एका तरुण शेतकऱ्याची आई एकदां आमच्या टेबलापुढें बसली होती. सर्व अंगठे उठवून झाल्यावर ती म्हणाली, “दादा, एवढे कागद हायेत तुमच्याकडं. तोंडाला काय बांधावं, याचा एखादा कागद आधी आला असता तर?” ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. सेवानिवृत्त झाल्यावर जो रिकामा वेळ मिळाला त्यांत तो कागद तयार करावा असें मनानें घेतलें.

विदर्भांतील यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालच्या पावसाळ्यांत जें घडलें तें वाचकांस आठवत असेल. त्या वर्षीं कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, किडीचा जोर होता, व उकाडाही भारी होता. डोक्यापर्यंत आलेल्या पिकांत पंप मारतांना औषधाचा फवारा मजुरांच्या तोंडावर व अंगावर परत येई. शेकडो इसम रुग्णालयांत दाखल झाले व २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्यांतील पुष्कळांच्या तोंडास फार तर एखादी दस्ती बांधलेली होती.

फवारणीचें विष निदान विष म्हणून ओळखलें जातें. हळदीच्या धुळीची गोष्ट निराळी आहे. हळद मंगल, हळद औषधी, तेव्हां तिची धूळही गुणकारीच असणार, ही समजूत आमच्याकडे खोल रुजलेली आहे. आमचीही ती होती. परंतु पोटांत घेण्याची वस्तु निराळी व फुप्फुसांत भरण्याची निराळी. ड्रमांतून जी धूळ निघते तींत केवळ हळद नसते. कंदाची साल, मुळ्यांचा भुगा, सालीस चिकटलेली माती व वाळवणांतील बुरशी हें सर्व तींत असतें. डोळ्यांस दिसणारी जाड धूळ नाकांतच अडते. जे कण इतके बारीक असतात कीं उन्हाच्या कवडशाशिवाय दिसत नाहींत, तेच खोल छातींत जाऊन बसतात. दस्तीच्या विणीस जीं छिद्रें असतात त्यांतून हे कण सहज पार होतात. सोयाबीनच्या मळणीयंत्राजवळील भुसा व जिनिंगमधील कापसाची धूळ ह्यांचाही प्रकार असाच आहे. धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांस धुळीनें होणारा खोकला व दम्याचा विकार रामाझिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें १७०० सालीं ग्रंथांत नोंदविला होता, म्हणजे हें ज्ञान कांहीं नवें नव्हे.

आतां आमच्या गांवची हकीकत सांगतों. दोन हंगामांपूर्वी कांहीं शेतकऱ्यांनीं मिळून मास्कांचा एक खोका विकत आणला व ड्रमावरील मजुरांस वाटला. आठव्या दिवशीं आम्ही पाहावयास गेलों, तों एक मास्क खिळ्यास टांगलेला, एक हनुवटीखालीं लोंबत असलेला, आणि ड्रमवाल्याच्या तोंडास पुन्हां त्याची जुनी दस्ती! आम्हीं रागें भरून विचारलें. तो म्हणाला, “काका, यात जीव गुदमरतो. आन् दाढीमुळं नीट बसतबी नाही.” आम्हीं खिळ्यावरचा मास्क काढून पाहिला तों आंतल्या बाजूनेंच पिवळा झालेला. ड्रमाजवळ उघडा टांगल्यामुळें धूळ आंत सांचली होती. जो तो लावील त्यास तीच धूळ हुंगावी लागली असती. चूक मजुरांची नव्हती. वस्तु दिली, पण ती कशी लावावी, कोठें ठेवावी व केव्हां टाकून द्यावी हें आम्हीं कोणासच सांगितलें नव्हतें.

त्याच दिवशीं दुसरीही एक गोष्ट ध्यानांत आली. शेतकऱ्याच्या खळ्यावर ड्रम एक-दोन दिवस फिरतो, म्हणून त्यास धुळीचें कांहीं वाटत नाहीं. ड्रमवाला मात्र ह्या खळ्यावरून त्या खळ्यावर जात हंगामभर त्याच धुळींत उभा असतो. आमच्या ह्या ड्रमवाल्यास रात्रीं झोंप येत नसे, व पहाटे खोकल्यांतून पिवळी थुंकी पडे. सात-बारा जमिनीच्या नांवानें लिहिला जातो; धूळ मात्र माणसाच्या नांवावर सांचते. म्हणून नोंद ठेवावयाची ती खळ्याची न ठेवतां माणसाची ठेवावी, असें आम्हीं ठरविलें.

कायद्याचा आधार पाहूं गेल्यास तोही आहे. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांत श्वासरक्षणाचीं साधनें सांगितलीं आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमांत धूळ व धूर ह्यांच्या बंदोबस्तासाठीं १४ वें कलम घातलें गेलें होतें. परंतु पांच-सात माणसांचें, हंगामापुरतें मांडलेलें खळें कोणत्याही तपासनिसाच्या फेरींत येत नाहीं. अमेरिकेंत १९९८ सालीं सुधारलेल्या नियमाप्रमाणें, ज्या कामावर मजुरास श्वासरक्षक लावणें भाग आहे तेथें मालकानें लेखी कार्यक्रम ठेवावा, एक जाणता माणूस नेमावा, मजुराची प्रकृति तपासून घ्यावी व मास्क तोंडास बसतो कीं नाहीं हें दरसाल पाहावें, असें आहे. त्याच धर्तीवर, आपल्या ऐपतीप्रमाणें, आम्हीं पुढील कलमें बांधलीं.

कलम पहिलें : धूळ उडूं न देणें. मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. शिजविण्यापूर्वी कंद माती काढून स्वच्छ धुवावे, म्हणजे ड्रमांतील निम्मी पीडा तेथेंच टळते. ड्रम घरापासून दूर, उघड्यावर मांडावा; वारा कोणीकडून येतो तें पाहून माणसांनीं वाऱ्याच्या वरच्या अंगास उभें राहावें. माल भरणाऱ्या व निवडणाऱ्या बायांस, आणि विशेषतः लहान मुलांस, धुळीच्या लोटांत बसूं देऊं नये.

कलम दुसरें : कामाप्रमाणें साधन. हळद, सोयाबीन व भुसा ह्यांच्या धुळीस एन-९५ किंवा एफएफपी-२ जातीचा मास्क पुरतो. घेतांना भारतीय मानक ९४७३ चा शिक्का पाहावा, व कानांत अडकविण्याच्या दोऱ्यांऐवजीं डोक्यामागें जाणारे दोन पट्टे असलेला घ्यावा. परंतु हा मास्क औषधाची वाफ अडवीत नाहीं. फवारणीसाठीं कोळशाची डबी व तिच्यापुढें धुळीची गाळणी असलेला रबरी मास्क लागतो. तरीही फवारणीचें विष बहुतांशीं कातडीवाटे शरीरांत जातें. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व बूट ह्यांवांचून एकटा मास्क व्यर्थ आहे. डबीवरील त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर तें औषध अधिक जहरी समजावें.

कलम तिसरें : जेथें कोणताच मास्क चालत नाहीं. जुनी विहीर, गोबरगॅसचा खड्डा किंवा बंद हौद ह्यांत प्राणवायूच कमी असतो. मास्क हवा गाळतो, हवा निर्माण करीत नाहीं. असा मास्क लावून उतरणें म्हणजे जीव देणें होय. विहिरींत कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल चांगली. ज्योत विझली तर उतरूं नयेच, पण ती तेवत राहिली म्हणजे विषारी वायु नाहीं असें मात्र सिद्ध होत नाहीं. धान्यांत कीड मारण्यासाठीं ज्या गोळ्या ठेवतात त्यांच्या वायूसही धुळीचा मास्क उपयोगी नाहीं.

कलम चौथें : प्रकृतीची तपासणी. मास्कांतून श्वास घेण्यास जोर लागतो. दमा, हृदयविकार किंवा क्षयाचा पूर्वेतिहास असलेल्या इसमानें हंगामापूर्वी डॉक्टरांकडे जावें व त्यांचा सल्ला मिळेपर्यंत ड्रमावर उभें राहूं नये.

कलम पांचवें : तोंडास बसविणें. एक पट्टा मानेवर व दुसरा डोक्यावर घ्यावा, नाकावरील पत्री दोन्ही हातांच्या बोटांनीं दाबावी. मग मास्कावर तळवे ठेवून जोरानें श्वास सोडावा. कडेनें वारा निसटला तर मास्क बसला नाहीं असें समजून पुन्हां लावावा. दाढीच्या केसांतून हवा वाट काढतेच. सबब हंगामापुरती तरी दाढी काढावी लागेल, हें कामावर घेतांनाच सांगावें.

कलम सहावें : ठेवणें व बदलणें. प्रत्येकाचा मास्क स्वतंत्र असावा, दुसऱ्यास देऊं नये. काम संपल्यावर तो स्वच्छ कागदी पिशवींत घालून ड्रमापासून दूर ठेवावा. श्वास जड होऊं लागला, पट्टा सैल झाला, किंवा मास्क ओला अथवा आंतून मळकट झाला, कीं टाकून द्यावा. कोळशाची डबी उघडल्याचा दिवस तिच्यावर लिहावा व ती घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी, कारण कोळसा उघड्यावर पडून राहिला तरी निकामी होत जातो. औषधाचा वास येऊं लागला तर डबी संपलीच. पण वास येत नाहीं एवढ्यावरून ती चांगली आहे असें मानूं नये.

कलम सातवें : नोंदवही. साध्या दोनशे पानी वहींत रकाने आंखावे : अनुक्रम, मजुराचें नांव, काम, मास्काची जात, दिल्याची तारीख, बसवून पाहिल्याची तारीख, बदलल्याची तारीख, खोकला किंवा दम लागत असल्यास त्याची हकीकत, आणि सही. ही वही ठेवणारा एकच इसम नेमावा. सर्वांचें काम तें कोणाचेंच काम नव्हे, हें आम्हीं दफ्तरांत पुरतें अनुभविलें आहे. खर्च म्हणाल तर धुळीचा एक मास्क मजुराच्या एका दिवसाच्या रोजाहून पुष्कळ कमी किंमतीस मिळतो, व तो खर्च ज्याचा माल त्यानेंच सोसावा.

दुसऱ्या हंगामांत ही वही आमच्याकडे होती. सर्व सुरळीत झालें असें नाहीं. दुपारच्या उन्हांत मास्क घामानें भिजत, म्हणून ड्रमाचें काम पहाटे व सायंकाळीं घेऊं लागलों, आणि दर तासानें माणूस धुळीबाहेर बसवून मास्क काढूं देण्याची चाल पाडली. त्यानंतर ते गळ्यांत लोंबतांना क्वचितच दिसले. आमचा ड्रमवाला चौथ्या कलमाप्रमाणें डॉक्टरांकडे गेला. त्यांनीं त्यास धुळीपासून दूर राहावयास सांगितलें. त्याला तें जड गेलें, कारण ड्रम त्याचा स्वतःचा आणि घर त्यावर चालणारें. आतां ड्रमावर त्याचा पुतण्या दाढी काढून, मास्क लावून उभा असतो, व तो स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगास काट्यावर माल तोलतो. खोकला अजून आहे. पुतण्यास तो होऊं नये, एवढ्यासाठीं ही वही आहे.

पुढील हंगामास अद्याप अवकाश आहे. वाचकांनीं आपापल्या गांवीं एक वही आणावी, रकाने आंखावे, व पहिलें नांव ड्रमवाल्याचें लिहावें, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या माउलीनें मागितलेला कागद द्यावयास आम्हांस फार उशीर झाला. वाचकांनीं तो उशीर करूं नये.