टिपणें व मूळ कागद यांचा मेळ

ऐतिहासिक कागदांवर काम करणाऱ्याजवळ नेहमीं दोन वस्तु असतात : एक मूळ कागद, आणि दुसरी त्यांवरून केलेलीं टिपणें. पूर्वीं कागद रुमालांत व टिपणें वहींत असत. आतां बहुतेकांजवळ दोन्ही संगणकांत असतात. कागदांचीं छायाचित्रें फोल्डरांत राहतात. आणि टिपणें, मित्या व व्यक्तींच्या याद्या टिपणें ठेवणाऱ्या एखाद्या आज्ञावलींत राहतात. या दोहोंचा मेळ कसा राखावा, आणि तो राखतांना काय गमावण्याचा संभव असतो, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे कै. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नांवानें १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांत प्रत्येक पत्रास लेखांक आहे. मूळ पत्र आज कोणत्या रुमालांत आहे हें ठाऊक नसलें तरी लेखांकावरून त्याचा निर्देश निःसंशय करितां येतो. यावरून एक तत्त्व निघतें : कागदाची ओळख वेगळी व कागदाची जागा वेगळी. संगणक मात्र पुष्कळदां जागेलाच ओळख समजतो. टिपणांत छायाचित्राचा जो निर्देश असतो, तो बहुधा फोल्डराचें नांव व फाईलीचें नांव मिळून झालेला पत्ता असतो. यांपैकीं एकहि नांव बदललें कीं टिपण जागच्या जागीं राहतें, पण तें दाखवितें ती जागा रिकामी असते.

झोटेरो ही अभ्यासकांत रूढ असलेली विनामूल्य आज्ञावली घ्या. तींत फाईल दोन प्रकारें ठेवितां येते. पहिल्या प्रकारांत आज्ञावली फाईलीची नक्कल स्वतःच्या कोठारांत ठेविते. मग मूळ फोल्डरांत कितीहि उलथापालथ झाली तरी टिपणास बाध येत नाहीं, मात्र प्रती दोन होतात. दुसऱ्या प्रकारांत ती केवळ पत्ता लिहून ठेविते. प्रत एकच राहते, पण फोल्डर हालवितांना सावध असावें लागतें. येथें एक सोय आहे. सर्व फाईली एका मुख्य फोल्डरांत ठेवून तो आधार म्हणून नेमला, तर पत्ते त्याच्यापासून मोजले जातात, व संगणक बदलला तरी एकच नोंद दुरुस्त करावी लागते. पोटांतील नांवें बदलण्यास मात्र ही सोय उपयोगी नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या हातून जी चूक घडली ती सांगणें अवश्य आहे. २०१९ च्या उन्हाळ्यांत कृष्णाकांठच्या एका घरांतील कागदांचीं छायाचित्रें मीं दोन खेपांस घेतलीं. पहिल्या खेपेचीं छायाचित्रें मीं बाहेरच्या डिस्कवर उतरून ठेविलीं. दुसऱ्या खेपेचीं त्रेचाळीस संगणकांतच राहिलीं. ऑगस्टांत महापूर आला व ते कागद गेले. पुढें दिवाळींत मीं फोल्डरांस कालक्रमानें नवीं नांवें दिलीं. टिपणांचे सर्व दुवे तुटले. घाईनें पूर्वस्थिति आणण्यासाठीं डिस्कवरील प्रत संगणकावर तंतोतंत उतरविण्याची आज्ञा दिली, आणि 'जास्त असेल तें काढून टाकावें' ही मुभाहि दिली. डिस्कवर नसलेलीं तीं त्रेचाळीस छायाचित्रें जास्त ठरलीं व गेलीं. त्या पत्रांविषयीं आज माझीं टिपणें आहेत. पत्रें कोठेंहि नाहींत.

दोष यंत्राचा नव्हता. एका ठिकाणीं फाईल आहे व दुसऱ्या ठिकाणीं नाहीं, एवढ्यावरून ती येथें नवी आली कीं तेथून काढली गेली, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. त्यासाठीं तिसरा साक्षी पाहिजे : मागील मेळाच्या वेळीं काय होतें याची यादी. त्या यादींत फाईल असेल तर ती एकीकडून काढली गेली. नसेल तर ती नवी आहे. आर्सिंक ही आज्ञावली एकाच दिशेनें नक्कल उतरविते व अशी यादी ठेवीत नाहीं. युनिसन ही दोन्ही बाजूंकडून मेळ घालणारी असल्यानें ठेविते. पेशव्यांच्या हुजूर दप्तरांत निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकबेरीज दप्तराकडे जात व तेथें त्यांचें वर्गीकरण होई. असा प्रवाह एकाच दिशेचा असला म्हणजे मूळ कोणतें याविषयीं संशय राहत नाहीं. दोन्हीकडे लिहिणें चालूं असेल तर मात्र तिसऱ्या यादीवांचून गत्यंतर नाहीं.

दोन्हीकडे एकच फाईल बदलली असल्यास काय करावें? येथें ग्रंथसंपादनाची रीत मार्गदर्शक आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत एक पाठ संहितेंत घेऊन इतर पाठ तळटीपेंत राखिले आहेत. 'जी प्रत नंतरची तीच खरी' हा नियम कोणी संपादक मानणार नाहीं. संगणकासहि तो मानूं देऊं नये. दोन्ही प्रती ठेवाव्या व निवाडा वाचून करावा.

आतां व्यवहाराचे नियम. प्रत्येक छायाचित्रास प्रथमच लेखांक द्यावा व तो पुन्हां बदलूं नये; वर्गवारी टिपणांत करावी, फोल्डरांच्या नांवांत नव्हे. प्रत्येक फाईलीची शा-२५६ मुद्रा काढून यादींत लिहावी. ही चौसष्ट चिन्हांची मुद्रा फाईलीच्या आशयावरून निघते. नांव बदललें तरी ती बदलत नाहीं, आणि आशयांत तिळमात्र फरक पडला कीं पालटते. म्हणून हरवलेला दुवा तिच्यावरून शोधितां येतो. मेळ घालण्यापूर्वीं काय काढलें जाणार तें आज्ञावलीकडून आधीं दाखवून घ्यावें; आर्सिंक व युनिसन या दोहोंतहि ती सोय आहे. आणि एक प्रत अशी असावी कीं जिच्याशीं मेळ कधींच घातला जात नाहीं, जींत केवळ भर पडते. ही शेवटची सूचना मीं वेळीं पाळली असती, तर तीं त्रेचाळीस पत्रें आज वाचावयास मिळालीं असतीं.