दंतोद्धरणानंतर न भरणारा व्रण

दाढ काढून तीन-चार दिवस लोटले, की नेरळ वा कर्जतहून परतलेला रुग्ण कळंबमध्ये आमच्याकडे येतो. मुखदुर्गंधी, ठणका, तोंड पुरते न उघडणे ही त्याची गाऱ्हाणी असतात. हाती बहुधा औषधी दुकानातून घेतलेली इरिमेदादि तेलाची बाटली असते. तेल उत्तमच आहे. प्रश्न ते कोणत्या दिवशी दिले, एवढाच.

दात निघालेल्या खोबणीत रक्ताची गुठळी बसते व तिच्याच आश्रयाने व्रणरोपण होते. पहिले २४ तास ती अत्यंत नाजूक असते. या काळात गंडूष, कवल, चुळा, जोराने थुंकणे, विडी ओढणे हे सर्व वर्ज्य समजावे. गुठळी निसटली की हाड उघडे पडते आणि सामान्यतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र वेदना सुरू होते. दंतवैद्य यास ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या अक्कलदाढेनंतर व धूम्रपान करणाऱ्यांत हा उपद्रव अधिक आढळतो. यात पू नसतो, शोथ अल्प असतो, वेदना मात्र असह्य. अशा रुग्णास दंतवैद्याकडे परत पाठवावे. खोबण धुऊन औषधी पट्टी भरताच बहुतेकांस लवकर आराम पडतो. घरोघरी चालणारा शुद्ध लवंगतेलाचा बोळा येथे नको. त्याने हिरडी भाजते.

२४ तासांनंतर कोमट सैंधवजल तोंडात अलगद फिरवून सोडून द्यावे. वाग्भटांनी सांगितलेल्या स्नेहन, शमन, शोधन व रोपण या चार गंडूषांपैकी येथे रोपण गंडूषच अभिप्रेत आहे, व तोही आठवड्यानंतर. यष्टिमधु क्वाथात मध मिसळून आम्ही तो देतो.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात वरचा दात हलत असला तरी काढू नये, असे बजावले आहे. कारण रक्तातियोगाचे दिले आहे. आज हा निषेध शब्दशः पाळण्याचे प्रयोजन नाही. तथापि वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीस भिडलेली असतात, हे विसरू नये. दाढ काढल्यावर प्यालेले पाणी नाकातून येऊ लागले, तर सर्व गंडूष थांबवून रुग्णास तत्काळ दंतशल्यतज्ज्ञाकडे धाडावे. त्याच अध्यायात दंतनाडी उपेक्षिल्यास ती हनुअस्थीचा भेद करते, असेही म्हटले आहे. महिन्यानंतरही पू येत असल्यास खोबणीत मुळाचा तुकडा वा मृत हाड राहिले आहे काय, हे क्ष-किरणाने पाहावे. रक्तशर्कराही तपासावी.

औषधविक्रेत्या बंधूंनी एक प्रश्न अवश्य विचारावा: हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची एक गोळी चालू आहे काय? अॅलेंड्रोनेट व त्या वर्गातील औषधांमुळे क्वचित दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडेच राहते. २००३ पासून हा विकार ज्ञात आहे. तेथे तेलाने काही साधत नाही.

आमच्याकडून घडलेली चूक येथे नमूद करणे उचित ठरेल. जवळच्या वाडीतील पन्नाशीच्या एक बाई, हलणारी खालची दाढ काढून पाच आठवडे झाल्यावर आल्या. अनेक वर्षांची मशेरीची सवय. खोबण भरली नव्हती. तिच्या कडेला मांसांकुर वाढले होते व हात लावताच रक्त येई. वेदना फारशी नव्हती, म्हणूनच आम्ही निश्चिंत राहिलो. तीन आठवडे खदिरादि वटी व जात्यादि तेल देत गेलो. पुढे खालचा ओठ बधिर झाला, तेव्हा आम्हांस जाग आली. तुकडा तपासणीत कर्करोग निघाला. दात काढल्यामुळे तो झाला नव्हता. आधीच असलेल्या अर्बुदानेच दाढ हलली होती. परळच्या टाटा रुग्णालयात जबड्याचा भाग काढावा लागला. आमचे तीन आठवडे त्यांस किती महाग पडले, हे आम्ही कधी विचारू शकलो नाही.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मशेरी घरच्या तव्यावरच भाजली जाते. आता आमच्या नोंदवहीत दात काढल्याची तारीख व मशेरीची वर्षे यांसाठी दोन रकाने आहेत. तीन आठवड्यांत खोबणीवर हिरडी आलेली न दिसल्यास आम्ही पुढील बाटली देत नाही, तुकडा तपासणीची चिठ्ठी देतो.