भांडवल प्रवाह, आंतरराष्ट्रीय

एका देशातील व्यक्ती, बँका, उद्योगसंस्था वा शासन यांच्याकडील पैसा दुसऱ्या देशातील मालमत्ता, रोखे अथवा कर्जे यांत गुंतविला जातो वा तेथून परत घेतला जातो. या ये-जा करणाऱ्या पैशास आंतरराष्ट्रीय भांडवल प्रवाह म्हणतात. त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत : (१) थेट गुंतवणूक–कारखाने, खाणी इ. उभारून वा विकत घेऊन त्यांच्या व्यवस्थापनात सहभागी होणे. (२) केवळ उत्पन्नासाठी केलेली भाग व रोखे यांची खरेदी. (३) बँकांची कर्जे व ठेवी. पहिला प्रकार सामान्यतः दीर्घकाळ टिकतो. उरलेल्या दोहोंतील अल्पमुदती पैसा मात्र त्वरित माघारी जाऊ शकतो.

विकसनशील देशांत अंतर्गत बचत अपुरी असल्यास परकीय भांडवलामुळे उत्पादन, रोजगार व तंत्रज्ञान यांची वाढ होऊ शकते. तथापि आवक फार मोठी असल्यास देशी चलन महाग होऊन निर्यातीस झळ पोहोचते, पतपुरवठा फुगतो आणि जमीन व भाग यांचे भाव चढतात. ओघ उलटला की हीच प्रक्रिया उलट दिशेने व अधिक वेगाने घडते.

थायलंडचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे बाट या चलनाचा विनिमय दर एका डॉलरला सु. २५ बाट असा जवळजवळ स्थिर राखलेला होता. डॉलरमधील कर्जावरील व्याज देशातील व्याजापेक्षा कमी असल्याने वित्तसंस्थांनी अल्पमुदतीची डॉलर-कर्जे काढली व त्यांतील बराच पैसा बाटमध्ये स्थावर मालमत्तेत गुंतविला. १९९६ मध्ये निर्यातीची वाढ खुंटली. चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सु. ८ टक्के होती. गुंतवणूकदारांचा विश्वास उडाला. दर सावरताना परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि २ जुलै १९९७ रोजी बाट तरता सोडावा लागला. जानेवारी १९९८ मध्ये डॉलरचा भाव ५० बाटांवर गेला. परिणामी, दहा लाख डॉलरच्या ज्या कर्जाच्या फेडीस पूर्वी अडीच कोटी बाट पुरत, त्यास पाच कोटींहून अधिक लागू लागले. ५६ वित्तकंपन्या कायमच्या बंद झाल्या व बेकारी वाढली. कर्जे काढणारे थोडे होते. त्यांचा भार मात्र सर्व समाजावर पडला. हे अरिष्ट पुढे इंडोनेशिया व दक्षिण कोरिया येथेही पसरले.

भारतातही १९९१ मधील व्यवहारशेषाच्या संकटकाळी अनिवासी भारतीयांच्या ठेवी काढून घेतल्या गेल्या आणि सोने तारण ठेवावे लागले.

असे धोके टाळण्यासाठी चिलीने १९९१ मध्ये येणाऱ्या भांडवलाचा काही भाग मध्यवर्ती बँकेत बिनव्याजी ठेवण्याचे बंधन घातले. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये बाहेर जाणाऱ्या भांडवलावर निर्बंध लादले. भांडवलाच्या मुक्त संचाराचा पुरस्कार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चलन निधीनेही २०१२ मध्ये विशिष्ट परिस्थितीत अशा उपायांची उपयुक्तता मान्य केली. पुरेशी गंगाजळी, लवचिक विनिमय दर, बँकांवरील देखरेख व अल्पमुदती परकीय कर्जांवर मर्यादा हे आवक चालू असतानाच योजावयाचे उपाय होत. ओघ उलटल्यावर ते योजण्यास फारसा अवसर उरत नाही.