भिंत कशी अडवून ठेवणार?

शिलाईचे पैसे हातात पडेपर्यंत शिंप्याला शिवलेला कोट स्वतःकडे ठेवून घेता येतो. 1872च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम 170ने कारागिराला हा हक्क दिला आहे. रंगाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. लांबी भरली, घासली, प्रायमर लावला, वर रंगाचे दोन हात दिले की त्याची मेहनत भिंतीची होऊन जाते. किल्ली मालकाच्या खिशात, आणि फायनल बिल "बघू, दिवाळीनंतर".

म्हणूनच रंगकामातला खरा वाद मापाच्या दिवशी होतो. कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटमध्ये मी तो जवळून पाहिला. ठेकेदाराने टेपचं टोक कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरलं होतं, त्याचा पोरगा दुसऱ्या कोपऱ्यातून आकडा ओरडून सांगत होता. मालक म्हणाले, "दारं-खिडक्या वजा करा. तिथे कुठे रंग लावलाय?" ठेकेदाराने त्यांना चौकटीजवळ नेलं आणि भिंतीच्या जाडीवरून बोट फिरवलं. "ह्या कडा कोणी रंगवल्या, साहेब? सपाट भिंतीपेक्षा इथेच जास्त वेळ जातो."

त्याचं म्हणणं रास्त होतं. मोजमापाच्या भारतीय मानकात, आयएस 1200मध्ये, याचा हिशेब आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा करायचाच नाही. तीन फूट बाय सात फुटांचं दार, म्हणजे सुमारे 1.95 चौरस मीटर, भिंत दोन्ही खोल्यांतून सारखीच रंगवली असेल तर एकाच बाजूने वजा करायचं. दुसरी बाजू कडांच्या बदल्यात. पण हे काम सुरू होण्याआधी दोघांत ठरायला हवं होतं, आणि ते कोणी बोललंच नव्हतं.

अमेरिकेत अशा वेळी थकलेल्या बिलाचा बोजा घरावरच चढवता येतो. 1791मध्ये मेरीलँडने तसा कायदा केला. आज कॅलिफोर्नियात मूळ ठेकेदाराला काम पुरं झाल्यावर साधारणपणे 90 दिवसांत काउंटीच्या दप्तरी दावा नोंदवावा लागतो, आणि नोंदीनंतर 90 दिवसांत कोर्टात जावं लागतं. मालकालाही त्यात धोका आहे: त्याने ठेकेदाराला पूर्ण पैसे चुकते केले, पण ठेकेदाराने रंगाच्या दुकानदाराचे बुडवले, तर दुकानदारही घरावर बोजा नोंदवू शकतो. आपल्याकडे रंगाऱ्याच्या हातात उरतो तो दिवाणी दावा. मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं. पण त्या मुदतीत बिगाऱ्यांची हजेरी थांबून राहत नाही. पैसे बुडवणाऱ्या मालकांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

कोथरूडचे मालक तसे नव्हते. त्यांचं अडलं होतं पश्चिमेच्या भिंतीवर. पोपडे खरवडताना प्लास्टर पोकळ निघालं, ते विटांपर्यंत फोडून नव्याने करावं लागलं. हे काम तोंडी वाढलं होतं. ठेकेदाराने मोबाइलवर फोटो काढून दाखवला: उघड्या विटा, त्यावर आडवी टेप. मालकांनी आकडा मोठा करून पाहिला आणि तेवढी दुरुस्ती मान्य केली. ओलीची खात्री म्हणून मात्र बिलाचा दहावा भाग पावसाळा संपेपर्यंत राखायचं म्हणाले. ठेकेदार कुरकुरला, मग त्याने पावतीपुस्तक काढून तारीख घातली आणि दोघांनी खाली सही केली.