शासन नावाचा वाचक : अमेरिकेतील पाळत आणि वाचनस्वातंत्र्य

शासनसत्ता आणि साहित्य यांच्या संबंधांचा तौलनिक विचार बहुधा ग्रंथबंदीपासून सुरू होतो. आजच्या अमेरिकेच्या संदर्भात ही कसोटी अपुरी ठरते. १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती आणि विसाव्या शतकातील न्यायालयीन निर्णय यांमुळे केंद्र शासनाला तेथे ग्रंथावर उघड बंदी घालणे अत्यंत अवघड झाले आहे. मात्र कोण काय लिहितो आणि कोण काय वाचतो, याची गुप्त नोंद ठेवण्याचा मार्ग त्याला मोकळा राहिला.

या मार्गाला इतिहास आहे. जे. एडगर हूवर यांच्या कारकिर्दीत (१९२४-१९७२) एफबीआयने अनेक लेखकांवर पाळत ठेवली; जेम्स बाल्डविन यांची फाइल १,८८४ पृष्ठांची आहे. १९७५-७६ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने असे गैरप्रकार उघडकीस आणले. त्यानंतर, १९७८ च्या कायद्याने परकीय हेरगिरीविषयक पाळतीसाठी विशेष न्यायालयाची अनुमती आवश्यक ठरविली.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर हा बांध सैल झाला. दहशतवादाचा धोका खराच होता. परंतु २६ ऑक्टोबर २००१ रोजी संमत झालेल्या पेट्रिअट कायद्याने त्याच्या निवारणासाठी दिलेले अधिकार फार व्यापक होते. कलम २१५ अन्वये विशेष न्यायालयाच्या गुप्त आदेशाने कोणतीही ‘वस्तू’ मागविता येऊ लागली. ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदी आणि पुस्तकविक्रीचे तपशील हेही त्यात आले. ‘नॅशनल सिक्युरिटी लेटर’ या आदेशपत्राला तर न्यायाधीशाच्या पूर्वसंमतीचीही गरज नव्हती. आदेश मिळाल्याचे उघड करण्यास सक्त मनाई होती.

या मौनसक्तीचा अर्थ कनेटिकट राज्यातील एका प्रकरणातून स्पष्ट होतो. २००५ मध्ये तेथील ग्रंथालयांच्या एका सहकारी संस्थेला असे पत्र आले. चार ग्रंथपालांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. मात्र त्यांना स्वतःचे नावही सांगता येत नव्हते. त्याच काळात संसदेत या कायद्याच्या नूतनीकरणावर चर्चा चालू होती. मार्च २००६ मध्ये नूतनीकरण झाले आणि त्यानंतरच शासनाने मौनाचा आग्रह सोडला. ज्यांची साक्ष सर्वाधिक मोलाची, ते चर्चा संपेपर्यंत मूक राहिले.

कलम २१५ च्याच आधारे कोट्यवधी दूरध्वनींच्या नोंदी जमविल्या जात असल्याचे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरून कळले. २०१५ च्या कायद्याने हा सरसकट संग्रह थांबविला आणि मार्च २०२० मध्ये कलमाची मुदतही संपली. तथापि परदेशस्थ व्यक्तींवरील पाळतीचे कलम ७०२ एप्रिल २०२४ मध्ये आणखी दोन वर्षांसाठी वाढविण्यात आले. या पाळतीत अमेरिकी नागरिकांचा पत्रव्यवहारही सापडतो, हा त्यावरील मुख्य आक्षेप होय.

साहित्याभ्यासाच्या दृष्टीने परिणाम सूक्ष्म आहे. २०१३ मध्ये पेन या लेखकसंघटनेच्या अमेरिकी शाखेने केलेल्या पाहणीत सुमारे सहांपैकी एका लेखकाने पाळतीच्या शंकेने एखादा विषय लेखनात वा बोलण्यात टाळल्याचे सांगितले. बंदी घातलेला ग्रंथ आदेशात, खटल्यात, निदान सूचीत तरी उरतो. न लिहिलेल्या ग्रंथाची नोंद कोठेच होत नाही. म्हणून दोन समाजांतील लेखनस्वातंत्र्याची तुलना केवळ बंदीच्या सूचींवरून करणे दिशाभूल करणारे ठरते. ग्रंथपालाला कोणते मौन पाळावे लागले आणि लेखकाने कोणते मौन स्वतःहून स्वीकारले, हे प्रश्नही त्या तुलनेत यावे लागतात.