मोठे चाक कुठे घासते?

मोटारीला मूळच्यापेक्षा मोठी, रुंद चाके बसवण्याची हौस अनेकांना असते. गाडी भारदस्त दिसते, जमिनीपासून थोडी उंचही होते. पण पहिल्याच वळणावर किंवा गतिरोधकावर ‘खर्र’ असा आवाज येतो. टायर मडगार्डला आतून घासत असतो. अशा वेळी कुणी पत्रा कापायला सांगतो, कुणी टायरमध्ये जास्त हवा भरायला. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. आवाजाकडे दुर्लक्ष करणे तर त्याहून वाईट. टायरची बाजू रस्त्याला टेकणाऱ्या भागापेक्षा पातळ असते. ती घासून कापली गेली तर ठिगळ लावून भागत नाही, आणि धावत्या गाडीचा टायर फुटू शकतो. म्हणून घासण्याचे कारण आधी समजून घ्यायला हवे. त्यासाठी लागणारे गणित शाळेतलेच आहे.

टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूवर ‘१६५/८० आर १४’ असे काहीसे उठवलेले असते. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. ‘आर’ हे रेडियल बांधणीचे अक्षर आणि १४ हा रिमचा व्यास, इंचांत. एक इंच २५.४ मिमी, म्हणून रिमचा व्यास ३५५.६ मिमी. टायर रिमच्या वरही असतो आणि खालीही. म्हणून चाकाचा पूर्ण व्यास ३५५.६ + १३२ + १३२ = ६१९.६ मिमी.

आता १५ इंची रिमवर दोन वेगवेगळे टायर बसवून पाहू. १८५/६५ आर १५ चा व्यास याच रीतीने ६२१.५ मिमी येतो. रिम एका इंचाने वाढली, पण चाक जेमतेम २ मिमीने मोठे झाले! २०५/६५ आर १५ चा व्यास मात्र ६४७.५ मिमी, म्हणजे सुमारे २८ मिमी जास्त. चाकाची कड सगळीकडून १४ मिमीने मडगार्डच्या जवळ आली. म्हणजे दोष मोठ्या रिमचा नसून टायरच्या निवडीचा आहे. रिम वाढवायची तर टायरच्या बाजूची उंची तेवढी कमी करावी लागते.

रुंदी कुणीकडे वाढते?

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक उभे प्रतल कल्पा. रिमचा जो पृष्ठभाग गाडीच्या हबवर टेकतो, त्याचे या प्रतलापासूनचे अंतर रिमवर ‘ईटी ४५’ असे मिमीमध्ये लिहिलेले असते. हा आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आतल्या बाजूला बसते.

समजा, जुनी रिम ईटी ४५ आणि नवी ईटी ३५ आहे. टायर १६५ ऐवजी २०५ चा. रुंदी ४० मिमीने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना २०-२०. शिवाय चाक १० मिमी बाहेर सरकले. म्हणून बाहेरची कड ३० मिमी बाहेर आली आणि आतली कड १० मिमी आत गेली.

पुढची चाके वळतातही. वरून पाहिले तर चाक डस्टरसारखे लांबट दिसते. कागदावर डस्टर ठेवा, त्याच्या मध्यावर बोट दाबून ते फिरवा आणि कोपऱ्यांचा माग पेन्सिलीने काढा. मग बोट एका लांब कडेपाशी ठेवून तेच करा. दूरचे कोपरे आता मोठे वर्तुळ काढतील. बाहेर सरकलेले चाक वळताना बंपरच्या कोपऱ्याला का लागते, हे यावरून कळते.

खडूची परीक्षा

टायरच्या दोन्ही कडांना खडू फासा. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी हळू चालवा. नंतर गाडीत माणसे बसवून गतिरोधकावरून न्या. प्रत्येक वेळी पाहा, खडू कुठे पुसला गेला आणि त्याचा डाग कुठे उमटला. वळतानाच घासत असेल तर जागा आडवी कमी पडते. भार आल्यावरच घासत असेल तर स्प्रिंग दबून चाक वर येते आणि जागा उभी कमी पडते.

उपायही त्याप्रमाणे निवडावा. मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे अस्तर क्लिप निघून लोंबत असेल, तर ते बसवले की काम झाले. बाहेरची कड घासत असेल तर जास्त ईटीची रिम घ्यावी, मात्र आत जागा उरते का ते मोजून. मडगार्डची आतली दुमड सपाट करतात, पण रंगाला तडा गेला तर तिथे गंज धरतो. आत घासत असेल तर हब आणि रिम यांच्यामध्ये चकती घालून चाक बाहेर सरकवता येते, पण बोल्टचे पुरेसे आटे पकडीत राहिले पाहिजेत. भाराने घासत असेल तर थकलेल्या स्प्रिंगा आधी बदलाव्यात. जास्त हवा भरल्याने मात्र टायर मध्येच झिजतो आणि रस्त्यावरची पकड कमी होते. यांतले काहीच पुरेसे नसेल, तर योग्य मापाचा टायर हाच खरा उपाय. त्याची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी.

घासणे थांबले तरी एक गोष्ट उरते. चाकाचा व्यास ४.५ टक्के वाढला की परीघही तितकाच वाढतो. वेगमापक चाकाचे फेरेच मोजतो. तो ताशी ८० किमी दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ८३.६ किमी वेगाने धावत असते.

शाळेपुढे उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरवरचे आकडे विद्यार्थ्यांना टिपून आणायला सांगा. प्रत्येक चाकाचा व्यास आणि एका किलोमीटरमध्ये होणारे त्याचे फेरे त्यांनीच काढावेत. मग त्याच चाकासाठी एक इंच मोठी रिम घेतली, तर कोणता टायर चालेल, हेही त्यांनाच शोधू द्या.