मुलांचे हात आणि घरातली रद्दी

आमची नोकरी बँकेत. दिवसभर दुसऱ्याने भरलेल्या स्लिपमधली चूक शोधायची, हा आमचा धंदा. ती सवय आम्ही घरीही आणली. आमची मुलगी चार वर्षांची असताना तिने एक झाड काढले आणि ते जांभळे रंगवले. आम्ही लगेच म्हणालो, "अगं, झाड कधी जांभळे असते का?" तिच्या हातातला खडू घेऊन आम्ही हिरवे झाड काढून दाखवले. त्यानंतर कितीतरी दिवस ती कोरा कागद आमच्यापुढे धरून म्हणायची, "बाबा, तुम्हीच काढून द्या." कला शाखेची पदवी पदरी असूनही लहान मुलाची कला म्हणजे काय, हे आम्हांला ठाऊक नव्हते. नंतर जे शिकलो ते पालक बंधू-भगिनींपुढे आणि घरात धाकटी भावंडे असलेल्या विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

दीड-दोन वर्षांचे मूल नुसत्या रेघोट्या ओढते. तीन-चार वर्षांचे झाले की गोल काढते, गोलाला डोळे येतात आणि हातपाय थेट डोक्यालाच फुटतात. ही चूक नव्हे, ती वाढीची पायरी आहे. कागद फाडणे, माती मळणे, चिकटवणे या खेळांतून बोटांत बळ येते. हीच बोटे पुढे पेन्सिल धरतात. बोटे तयार होण्याआधीच मुळाक्षरे गिरवून घेण्याची घाई केली, तर हातही दुखतो आणि मनही विटते.

यासाठी महागडे साहित्य लागते, असा अनेकांचा समज आहे. ताराबाई मोडक यांनी तो केव्हाच खोटा ठरवला. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (आज हे गाव पालघर जिल्ह्यात आहे) ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये चालले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने गावात परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी शिकवले. जे तिथे जमले, ते आपल्या दोन खोल्यांच्या घरात का जमू नये?

आमच्या घरी जमलेले काही प्रकार सांगतो.

ठसे : भाजी चिरताना भेंडीचा देठाकडचा भाग टाकून देतो, तो ठेवावा. बशीत रंग घेऊन त्यात बुडवून कागदावर दाबला की फूल उमटते. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू यासाठी उत्तम.

हळदीची जादू : हळद पाण्यात कालवून कागदाला फासावी व कागद वाळू द्यावा. मग कपडे धुण्याच्या वडीचे पाणी कापसाच्या बोळ्याने त्यावर ओढावे. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीचा रंग अल्कधर्मी पदार्थाने लाल होतो. साबणाचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये. नंतर हात धुवावेत.

कागदाचा लगदा : वर्तमानपत्राचे बारीक तुकडे दिवसभर पाण्यात भिजवावेत, पिळून कुटावेत आणि त्यात भिजवून वाटलेली मेथी किंवा खळ मिसळावी. उपड्या वाटीवर ओले फडके घालून त्यावर लगदा थापावा. दोन-तीन दिवस उन्हात वाळला की वाटी सुटते. आपल्या आज्या-मावश्या अशा टोपल्या करीत. फाडणे, कुटणे, थापणे ही सारी कामे मुलांनी करावीत.

माती : कणकेत मीठ घालून खेळायचा गोळा करतात. पण जिथे धान्य मोजून येते त्या घरात ते मनाला पटत नाही. कुंभाराकडची मूठभर माती त्याहून बरी.

काही काळजी मात्र घ्यावी. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी, बिया, बटणे देऊ नयेत. ती नाकाकानात किंवा घशात जातात. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी. त्या घरात नकोतच. रंगपंचमीचे उरलेले रंगही वापरू नयेत.

साहित्यापेक्षा अवघड आहे ते आपले वागणे. मोबाइल हातात देऊन मूल गप्प बसवणे सोपे असते. त्याच्याजवळ अर्धा तास बसून हात न लावता पाहणे कठीण. "हे काय काढलेस?" असे दरडावू नये. "सांग बरं, यात काय काय आहे?" असे विचारावे. चित्रावर मुलाचे नाव व तारीख घालून ते भिंतीवर लावावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये.

संस्थेच्या सभासदांनाही एक विनंती. आपल्या कार्यक्रमांत सहा वर्षांखालील मुलांच्या चित्रांना पहिला, दुसरा क्रमांक देऊ नये. सगळी चित्रे दोरीवर टांगावीत आणि प्रत्येकाला एक खडूची पेटी द्यावी. एका मुलाला बक्षीस देताना वीस मुलांना आपण "तुला येत नाही" असे सांगत असतो.

पुढे एका मे महिन्यात मुलीच्या बालवाडीच्या रस्त्याने जाताना आम्ही मान वर करून पाहिले. तिथे ताम्हण उभा होता. महाराष्ट्राचे हे राज्यपुष्प उन्हाळ्यात बहरते, आणि त्या दिवशी ते झाड पुरते जांभळे झाले होते. मुलगी त्याच्याखालून रोज जात होती. तिने पाहिले ते काढले. आम्ही मात्र न पाहताच चूक काढली होती.